चार पानांचा मी आणि एका पानाचा सलीम

“अरं, माणूस हाय का पोस्टाचं तिकीट? एका पानात मावतो व्हय माणूस?” भिगवणच्या झेरॉक्सच्या दुकानात माझे चुलते तात्या ओरडत होते आणि यंत्रातून नुकतंच बाहेर पडलेलं, तव्यावरच्या भाकरीसारखं ऊन ऊन पान त्यांच्या हातात फडफडत होतं. पान शेजारीच उभ्या असलेल्या सलीमचं होतं. पिंपळीचा सलीम म्हणजे खताच्या गोदामात सहा वर्षं माझ्या शेजारी उभा राहून पोती मोजणारा माझा सोबती. बारामतीतल्या एका कंपनीला स्टोअरकीपर हवा होता. जागा एकच, पण कायमची. आणि अर्ज आम्हा दोघांचाही. तापलेल्या कागदाचा तो उग्रमधुर दरवळ अजून कुठं नाकाला शिवला, की मित्रा, काळजात मत्सराची एक बारीक कळ उठते.

माझा रिझ्युमे चार पानांचा होता, आणि तो तसा होणं अटळच होतं. कळंबपासून भिगवणपर्यंत लग्नाचे बायोडेटा लिहावेत ते मीच, अशी माझी ख्याती! माझ्या लेखणीच्या स्पर्शानं पाच फूट दोन इंचांचे नवरदेव पाच फूट आठ झाले, आणि एका वराची उंची तर मी इतकी वाढवली की मंडपाच्या दारात व्याही वर बघत उभे राहिले आणि नवरा त्यांच्या काखेखालून आत गेला. नोकरीचा कागद याहून निराळा असतो, हे मला सांगणार कोण? म्हणून मी माथ्यावर गणपती काढला, खाली देवक, मामांचं गाव, बागायत किती, जिरायत किती, कारखान्याचं सभासदत्व कुणाच्या नावे, आत्या कुठं दिल्या, हे सारं सालंकृत मांडलं. वर्ण निमगोरा लिहिला. शेवटी ‘अपेक्षा’ या शीर्षकाखाली ‘कंपनी सुसंस्कृत व निर्व्यसनी असावी’ अशी ओळ टाकली, तेव्हा तात्यांचे डोळे अभिमानानं पाणावले होते. सहा वर्षं गोदामात मी नेमकं काय केलं, तेवढं मात्र चार पानांत कुठंच आलं नव्हतं. पण ते हवंच कशाला? एवढ्या गोतावळ्याचा माणूस वाईट काम करील का?

तात्यांच्या हातातून मी सलीमचं पान घेतलं. नाव, शिक्षण, गाव, आणि मग चार ओळी: रोज किती गाड्या उतरवून घेतल्या, पावसाळ्यात एकही पोतं भिजू दिलं नाही, जुना माल आधी बाहेर जावा म्हणून पोत्यांवर खडूनं तारीख टाकायची पद्धत सुरू केली. बस्स! विशेषण नाही, मामा नाही, वर्ण नाही. ती खडूची तारीख तर मी रोज पाहत होतो. पोरकटपणा म्हणून हसतही होतो. कागदावर मात्र ती देवळावरच्या दिव्यासारखी लखलखत होती! मला पुढं वाचवेना. तळाशी आणखी दोन ओळी होत्या, त्यांच्यापर्यंत मी गेलोच नाही. ‘बरं लिहिलंयस,’ म्हणून पान परत दिलं आणि त्या शब्दांनी माझीच जीभ भाजली. सलीमनं पान पाकिटात घातलं आणि तात्यांना नमस्कार करून तो गेला.

मत्सर परक्याचा वाटत नाही, हे तू अनुभवलं आहेस का? बारामतीच्या बंगल्यांतून कुणी विमानानं फिरो, मला सुखदुःख नाही. पण माझ्याच डब्यातली चटणी खाणारा माणूस माझ्या पुढं एक पाऊल गेला, की पायाखालची माती तापू लागते. त्या दिवसांत कळंबच्या रस्त्यानं दोन्ही अंगांना उसाला तुरे आले होते. वाऱ्यावर ती रुपेरी चवरी ढळताना केवढं वैभव वाटावं! पण शेतकऱ्याला विचार. तुरा आला की कांडं पोकळ पडू लागतं, रस उतरतो. मोटारसायकल थांबवून मी त्या शोभेकडे पाहत राहिलो, आणि माझी चार पानं माझ्याच डोळ्यांपुढं डुलू लागली. सलीमचा ऊस बिनतुऱ्याचा होता, आणि मला त्याच्या कांड्याकांड्याचा हेवा वाटत होता.

आठवड्यानं कंपनीतून फोन आला. हृदय असं उसळलं की उजनीच्या पाण्यावरचे बगळे उडाले असावेत! पण बाई विचारत होत्या सलीमबद्दल. त्यानं अर्जाच्या तळाशी, ओळखीची व्यक्ती म्हणून, माझं नाव लिहिलं होतं. त्या न वाचलेल्या दोन ओळी! आता सांगतो, मनात काय काय आलं ते. त्याला रातांधळेपणा आहे, म्हणावं. खताचा वास सोसत नाही, म्हणावं. किंवा त्याची इतकी अफाट स्तुती करावी की ऐकणाऱ्याला संशयच यावा. जन्मभर बुटक्यांना उंच केलं, एका उंचाला बुटका करणं मला काय अवघड होतं? त्यांनी विचारलं, गोदाम त्याच्या हाती सोपवावं का? मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून बिनतुऱ्याचं वाक्य निघालं.

“त्यानं मोजलेलं पुन्हा मोजावं लागत नाही.”

बाईंनी आभार मानले. माझ्याच नावाचा अर्ज त्यांच्याकडे आहे, हे त्यांच्या ध्यानातही नसावं.

जागा सलीमला मिळाली. मी उदात्त झालो, असं मात्र समजू नकोस. रागानं धगधगतच पिंपळीला गेलो. तो अंगणात गाडीची साखळी साफ करत बसला होता. एवढ्या भल्या माणसांच्या मुलखात, ज्याच्या थापांवर अर्धा तालुका बोहल्यावर चढला, नेमका त्याच्यावर हा विश्वास का टाकला? माझ्या अंतःकरणातली सत्यनिष्ठा त्यानं ओळखली होती का? की सहा वर्षांच्या स्नेहावर त्याची श्रद्धा होती? मला उत्तर हवं होतं, आणि खरं सांगायचं तर ते थोडं मोठं, थोडं सालंकृत हवं होतं. सलीमनं फडक्याला हात पुसले.

“घरच्यांचं नाव चालत न्हाय म्हनले. बाकी तुझाच नंबर पाठ हाय मला.”