आवळीखालचा धूर

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत एकदा आवळीच्या झाडाखाली जेवायला जायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. कार्तिकात आवळीची पूजा करायची, खोडाला सुताचे फेरे द्यायचे, नैवेद्य दाखवायचा आणि तिच्याच सावलीत सगळ्यांनी जेवायचं. डबे भरून नेलेलं आईला चालत नाही. पुऱ्या आणि लाडू घरचे चालतात, पण भात तरी झाडाखालीच शिजला पाहिजे.

इतकी वर्षं आमचं झाड ठरलेलं होतं. नाशिकहून पेठ रस्त्याला लागायचं, घाटाच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर मोठी आवळी होती, तिथे थांबायचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही पोचलो तेव्हा बांध नव्हता आणि झाडही नव्हतं. रस्ता रुंद करायला घेतला होता. खडीच्या ढिगापाशी बुंध्याचा एक तुकडा आडवा पडला होता, आणि तो आपलाच की दुसऱ्या कुठल्या झाडाचा, हे कुणालाच सांगता येईना.

"बघ, देवाच्याच मनात नाही," दादा म्हणाला. "घरी जाऊ. कुंडीतल्या तुळशीपाशी बसून जेवू."

"तुळशीचं वेगळं, हे वेगळं," आई म्हणाली. "तू गाडी चालव. डोंगरात आवळ्यांना काय तोटा आहे?"

गाडीत आम्ही सहाजण होतो. पुढे दादा आणि आई. मागे मी, वहिनी आणि आमच्या मधे दादाची दोन मुलं. भाची तेव्हा सहा वर्षांची होती, भाचा तीन. गुडघ्यांमुळे बाबा घरीच थांबले होते. दादा अंबडला एका कारखान्यात आहे, त्याला शनिवारची सुट्टी असते, म्हणून आमचं आवळीभोजन नेहमी शनिवारीच.

"आत्तू, आपण झाडाची पूजा का करतो?" भाचीने मला विचारलं.

"तिला कशाला विचारतेस," दादा आरशातून बघत म्हणाला. "ती इंग्लिश मीडियमची. तिला आवळी आणि बाभूळ सारखीच."

सगळे हसले. मीही हसले. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे. तो मराठी शाळेत शिकला. माझ्या वेळेपर्यंत घरात जरा बरे दिवस आले होते, म्हणून मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करत आणि घरी इंग्रजी शब्द आला की दादा 'मॅडम' म्हणून चिडवत असे. दोन्हीकडे कमी बोलणं सोयीचं होतं. ती सवय पुढे तशीच राहिली.

एकदाच मी ती मोडली होती. भाचा पाच महिन्यांचा असताना आई रामकुंडावरून तीर्थ घेऊन आली आणि चमच्याने त्याला पाजायला लागली. मी म्हटलं, निदान उकळून तरी दे. आईने चमचा खाली ठेवला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढी फी भरली ती हे ऐकायलाच." त्यानंतर देवाधर्माच्या कुठल्याही गोष्टीत मी तोंड घातलं नाही.

घाट उतरल्यावर दादाने गाडी एका कच्च्या वाटेवर घेतली. पावसाळ्यात हिरवागार असलेला डोंगर आता पिवळा पडायला लागला होता. भात कापून झालं होतं. गवत कमरेइतकं वाढलं होतं आणि वाळत होतं. दूरवर घर दिसत नव्हतं. वाट एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी संपत होती, आणि तिथे आवळी होती. चांगली जुनी, फळांनी लगडलेली. आईने गाडीतूनच हात जोडले.

गाडी शंभरेक पावलं अलीकडेच ठेवावी लागली, पुढे दगड होते. दादाने मला चावी दिली आणि सतरंजी आणायला पिटाळलं. मी सतरंजी घेऊन झाडापाशी पोचले, तेव्हा कड्याच्या बाजूने एक बाई येत होती. डोक्यावर गवताचा भारा. ती आमच्यापाशी थांबली.

"इठं चूल लावू नका," ती आईला म्हणाली. "वर आग्या हाय. धूर गेला का उतरतं."

आम्ही वर पाहिलं. कड्याचा वरचा भाग पुढे आला होता, आणि त्याच्या खालच्या अंगाला तीन मोठी काळी अर्धवर्तुळं लटकत होती. मी गाडीतून उतरताना ती पाहिली होती. पावसाच्या पाण्याने पडलेले डाग असतील, असं मला वाटलं होतं.

"चूल नाही हो मावशी, गॅस आहे," दादाने छोटा सिलिंडर उचलून दाखवला. "याला धूर येत नाही."

बाईने सिलिंडरकडे पाहिलं, मग मुलांकडे.

"पोरं हायेत संगं," ती म्हणाली आणि भारा सावरत खालच्या वाटेने निघून गेली.

आम्ही ते हसण्यावारी नेलं असं कुणी म्हणू नये. दादाने मोबाइलवरची गाणी बंद केली. वहिनीने मुलांना जवळ घेऊन बजावलं, दगड मारायचे नाहीत, ओरडायचं नाही, वर माशा झोपल्यात. आईने विचारलं, दुसरं झाड बघू या का. दादा म्हणाला, अकरा वाजून गेलेत, मुलांना भूक लागेल, आणि आपल्याला कुठे चूल पेटवायचीय. मग सगळे हळू आवाजात बोलायला लागले. गॅसची निळी ज्योत लागली, फोडणी झाली, मसालेभाताला उकळी आली. वाफ पातेल्यापासून हातभर वर जाऊन विरून जात होती. मी तिच्यावर लक्ष ठेवून होते.

"आत्तू," भाची माझ्या कानात म्हणाली, "तो दगड हलतोय."

मी वर पाहिलं. मधल्या काळ्या अर्धवर्तुळावरून एक लाट गेली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. कुणी पडद्यावरून हात फिरवावा तशी. मग सगळं स्थिर झालं. थोड्या वेळाने पुन्हा लाट. माशा एकाच वेळी अंग हलवत असतील, एवढं मला समजलं. कशासाठी, ते समजलं नाही.

भात झाला. आईने गॅस बारीक करून पातेलं झाकून ठेवलं आणि पूजेला बसली. खोडाला हळदकुंकू लावलं, सूत गुंडाळलं, आवळे वाहिले. मग तिने पिशवीतून धुपाटणं काढलं. गोवरीचा एक तुकडा, थोडा कापूर, कागदाच्या पुडीत ऊद. घरी रोज संध्याकाळी करते तसंच, त्याच हाताने तिने गोवरी पेटवली आणि वर ऊद टाकला.

पांढरा, दाट धूर निघाला.

मी दादाकडे पाहिलं. तो घंटी वाजवत होता. वहिनीने हात जोडून डोळे मिटले होते. त्यांच्यापैकी कुणीही बेफिकीर नव्हतं, हे मला अजून सांगावंसं वाटतं. तासभर त्यांनी मुलांना शिंकूसुद्धा दिलं नव्हतं. चुलीचा धूर त्यांना कळत होता. उदाचा धूर हा त्यांच्या लेखी धूरच नव्हता, ती पूजा होती. वारा अजिबात नव्हता. धूर खोडाला धरून वर चढला, आवळीच्या बारीक पानांतून निघाला आणि सरळ कड्याला लागला.

मी तोंड उघडलं. 'आई' हा शब्द माझ्या जिभेवर होता. पण तो काढला की पुढे काय म्हणायचं, याचा विचार मी करत बसले. धूप विझव, असं? पूजा चालू असताना? मला चमचा आठवला. दादा काय म्हणेल तेही ऐकू आलं. आत्ता यांच्यापैकी कुणीतरी वर बघेल, असं वाटत राहिलं. वरच्या लाटा आता थांबत नव्हत्या. एक संपायच्या आत दुसरी निघत होती.

मी भाच्याला कडेवर घेतलं आणि भाचीचा हात धरला.

"कुठे?" वहिनीने डोळे किलकिले करून विचारलं.

"पाण्याची बाटली गाडीत राहिली. आलो."

"आरती तर होऊ दे."

"आलोच."

"आत्तू, बाटली माझ्या गळ्यात आहे ना," भाची वाटेत म्हणाली. मी पळाले नाही. पळाले असते तर त्यांनी विचारलं असतं. शंभर पावलं मी भाजी घेऊन घरी जावं तशी चालले. मुलांना मागच्या सीटवर बसवलं, मी पुढे बसले, चावी अर्धी फिरवून चारही काचा वर केल्या.

"आत्तू, गरम होतंय."

"थोडा वेळ."

मग मी स्वतःशी म्हटलं, आता दार उघड, बाहेर उभी राहा आणि हाक मार. इथून ऐकू जाईल. मुलं आत आहेत, आता काय हरकत आहे. हात दाराच्या कडीवर होता. समोरच्या काचेतून तिघं दिसत होती. आई उभी राहून ओवाळत होती. मी किती वेळ तशी बसले, ते मला माहीत आहे. आरतीची तीन कडवी होईपर्यंत.

आधी आवाज आला, बंद काचेतूनही. लांबून ट्रक घाट चढत यावा तसा. मधलं काळं अर्धवर्तुळ कड्यावरून सुटलं आणि खाली यायच्या आत हवेत पसरून मोठं झालं. दादाच्या हातातली घंटी पडली. वहिनी ओढणी डोक्यावरून घेऊन गाडीकडे धावली. दादा तिच्यामागे. आई मात्र वाकली होती. ती काय करत होती, ते मला नंतर कळलं. पातेल्याखालचा गॅस बंद करत होती.

मी दार उघडलं. वहिनी आणि दादाबरोबर पाच-सहा माशा आत आल्या. भाच्याच्या कानामागे एक चावली, माझ्या मनगटावर दोन. पाय पुसायला ठेवलेली जुनी चादर दादाने अंगावर घेतली आणि तो परत गेला. आईला घेऊन आला तेव्हा तिने तोंड पदरात धरलं होतं, पण मान, हात आणि पाठ उघडीच होती. गाडीत बसल्यावर ती एकदाच बोलली. "मुलं?"

"आहेत," मी म्हणाले.

दादाने सुजलेल्या हातांनी गाडी चालवली. पेठ जवळ होतं, तिथल्या दवाखान्यात नेलं. आईचं अंग थंड पडत चाललं होतं आणि ओठ जाड झाले होते. मी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन नखांनी काटे खरवडत होते. नर्सने उरलेले काढले. तिथून रुग्णवाहिकेने नाशिकला. पहिल्या रात्री डॉक्टर दादाला बाजूला घेऊन बोलले, आणि दादाने ते आम्हाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी आई घरी आली.

त्या आठवड्यात मला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. बाबा शेजारच्यांना सांगत होते, पोरीला देवानेच बुद्धी दिली, नेमकं त्याच वेळी मुलांना पाणी प्यायला घेऊन गेली. दादाने मला एकदाही मॅडम म्हटलं नाही. मी मान हलवत होते.

आई स्वयंपाकघरात परत आली त्या सकाळी मी कोथिंबीर निवडत होते. तिचा एक डोळा अजून नीट उघडत नव्हता. भाची ओट्यापाशी उभी राहून तिला सगळं नव्याने सांगत होती, आजी, मग अशा माशा आल्या, मग आई पळाली.

"आणि तुला भीती नाही वाटली?" आईने विचारलं.

"आम्ही गाडीत होतो ना. आत्तूने काचा आधीच बंद केल्या होत्या. आम्हाला गरम झालं, तरी उघडल्या नाहीत. मग ती तुमच्याकडे बघत बसली."

"खेळ जा," आई म्हणाली.

भाची गेल्यावर आईने दाणे भाजायला घेतले. बराच वेळ उलथण्याचा आवाज येत होता.

"तुला दिसलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी धूप लावला तेव्हाच?"

"हो."

आईने गॅस बंद केला. मला वाटलं, आता ती फीचं काहीतरी बोलेल. तिने दाणे ताटात ओतले, सालं फुंकली.

"हाक मारायची होतीस," ती म्हणाली.

मी का मारली नाही, ते सांगता आलं असतं. तीर्थाचा चमचा, दोन दिवसांचा अबोला, सगळं सांगता आलं असतं. तिनेही ते त्या क्षणी आठवलं असावं, कारण तिने पुढे विचारलं नाही. तिने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. बाबा अजून देवाने दिलेल्या बुद्धीबद्दल बोलतात, आणि तेव्हा आई उठून आत जाते.

गेल्या वर्षी आम्ही कुठेच गेलो नाही. यंदा दिवाळीनंतर आईनेच विषय काढला. दादाने एका मित्राच्या शेतातली आवळी शोधून ठेवली आहे. मोकळ्या रानात, कडा नाही, डोंगर लांब. वहिनी तयार होत नव्हती. परवा जेवताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मुलांबरोबर थांबणार असशील तरच पाठवते. माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही."

मी आईकडे पाहिलं. ती बाबांना आमटी वाढत होती.

"येईल की ती," आई म्हणाली. "तिला सगळं दिसतं."

वहिनी हसली. तिला ते कौतुक वाटलं. शनिवारी सकाळी सातला निघायचं ठरलं आहे, आणि मी हो म्हटलं आहे.