शेवटची सोळा पानं

आधी आमच्या वाचनालयातल्या ताईंचं सांगतो, मग बाकीचं. त्या नसत्या तर माझा ब्लॉग कधीच पुसला गेला असता, आणि पुसणारा मीच होतो.

मी चंदगडकडचा. आठवीत शाळा सोडली आणि कामामागं फिरत फिरत मंगरूळपीरजवळच्या एका रोपवाटिकेत येऊन पडलो. दिवसभर ट्रे भरायचे, बी टोचायचं, पाणी मारायचं आणि संध्याकाळी गावातलं वाचनालय गाठायचं. पुस्तकाच्या मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तिच्या कडेला मी पेन्सिलीनं दोन ओळी लिहायचो. कुणी वाचावं, कुणी नादी लागू नये. ताईंनी एकदा पकडलं. आधी खोडरबर हातात देऊन सगळं पुसायला लावलं, मग माझ्याच मोबाइलवर ब्लॉग उघडून दिला. इथं लिहिलंस तर माझी पुस्तकं खराब होणार नाहीत, म्हणाल्या.

मी लिहीत गेलो. याद्याही करायचो. ‘टोमॅटो उगवेपर्यंत’ म्हणजे पाच-सहा दिवसांत संपणारी पुस्तकं, ‘मिरची उगवेपर्यंत’ म्हणजे जाडजूड. कुणी वाचलं का, हे बघायला सारखा मोबाइल काढायचो. मातीच्या बोटानं स्क्रीन उघडत नाही, मग बोट पँटला पुसायचं, पुन्हा बघायचं. रोपवाटिकेची मालकीण एकदा म्हणाली, “तुह्या मोबाइलले कोंब फुटून राह्यले काय?”

मग एका कादंबरीवर लिहिलं. तिच्यातली बाई घर सोडून नदीवर येते, होडी समोर असते आणि तिथंच पुस्तक थांबतं. ती चढली की माघारी फिरली, काही सांगितलेलं नाही. मी त्या शेवटाचं फार कौतुक केलं. मलाही इथं राहायचं की घरी परतायचं हे रोज नव्यानं ठरवावं लागतं, म्हणून असेल.

दोन दिवसांनी खाली एका अनोळखी वाचकानं लिहिलं, पुस्तक तिथं संपत नाही, पुढं सोळा पानं आहेत, पूर्ण न वाचता लिहू नये.

हातातला ट्रे तसाच ठेवून मी वाचनालयात गेलो. पुस्तक नव्यानं बांधलेलं होतं. बांधताना शेवटचं पानांचं जुडगं गळलं असणार, आणि त्यावर नवा पुठ्ठा, नवी चिठ्ठी. कळायला काही मार्गच नव्हता. पण हे लिहावं तर वाचनालयाची बदनामी, कारण ब्लॉगच्या वरच मी त्याचं नाव अभिमानानं घातलेलं. गप्प बसावं तर मी खोटा. ब्लॉगच काढून टाकतो, असं मी ताईंना सांगितलं.

“काहून काढतं, बाबू? जेवढं वाचलं तेवढंच तू लिवलं. पुस्तक माह्याकडचं अर्धवट होतं. तसंच लिही, वाचनालयाच्या नावानिशी.”

कमिटीवाले तुम्हाला विचारतील, मी म्हणालो.

“विचारतीन तं विचारतीन. मी सांगीन त्याइले.”

सुट्टीच्या दिवशी त्या बसनं इथल्याच, जवळच्या मालेगावला गेल्या. तिथल्या वाचनालयात त्या कादंबरीची प्रत होती, पण बाहेर न्यायची परवानगी नव्हती. त्यांनी तिथंच बसून पानांचे फोटो काढून मला पाठवले. आठ फोटो, प्रत्येकात दोन पानं आणि कडेला ताईंचा अंगठा.

मी ते ट्रेंच्या मध्ये उकिडवा बसून वाचले. बाई होडीत चढते, पलीकडे भाऊ भेटतो, तो तिला समजावून घरी पोचवतो आणि सगळे सगळ्यांना माफ करतात. मला नाही आवडलं. मग जसं घडलं तसं लिहिलं, अर्धवट प्रतीपासून अंगठ्यापर्यंत. मला मात्र नदीपाशीच थांबलेलं पुस्तक जवळचं वाटतं, हेही लिहिलं. पाठवायचं बटण दाबून मोबाइल खताच्या पोत्यामागं ठेवला आणि दर पाच मिनिटांनी पोत्यामागं गेलो.

त्या वाचकाचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. मी अजून बघतो. कमिटीनं ताईंना बोलावलं होतं, एवढं कानावर आलं. काय झालं ते त्या सांगत नाहीत. विचारलं की नवं पुस्तक पुढं सरकवतात. मी ते घेतो, आधी पानांचे आकडे तपासतो, शेवटच्या पानावर फक्त आकडा बघून नजर वर करतो.

ती कादंबरी आता छापली जात नाही. जुनी पुस्तकं विकणाऱ्यांना मी विचारत असतो. पण ताई, एक दिवस तिची पूर्ण प्रत तुमच्या टेबलावर आणून ठेवीन, सगळी पानं मोजून. मागच्या चिठ्ठीवर एक अक्षर लिहिणार नाही.