थुंकी नाचली की बेअरिंग तयार

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. तीस वर्षं कारखान्यात बेअरिंग बसवतो आणि बसवण्यापेक्षा मिरवतो जास्त. मी त्याच्याच हाताखाली आहे. तोंडावर अहो-जाहो करतो, इथे करणार नाही. मला हा माणूस आवडत नाही.

लोखंड तापलं की फुगतं. गरम बेअरिंग दांड्यावर अलगद सरकतं, निवलं की घट्ट धरतं. ते किती तापलं हे दाजी थर्मामीटरनं बघत नाही, शेगडीवरच्या बेअरिंगवर थुंकतो. थुंकी चुरचुरून आटली तर कच्चं. गोळी होऊन नाचली तर तयार.

त्याची बेअरिंगं वर्षभरात फुटायची. दोष मात्र हाताखालच्यांचा. सहा वर्षांपूर्वी साहेबांपुढे त्यानं स्वतःच्या जावयाकडे बोट दाखवलं, म्हणे ग्रीस भरायला विसरला. जावयाची नोकरी गेली. भाचीनं तेव्हापासून माहेरचा उंबरा ओलांडलेला नाही. ताई रडून अर्धी झाली, हा ढिम्म.

परवा मोठ्या पंख्याचं बेअरिंग फुटलं.

"ह्याचं लक्ष नसतं, साहेब," दाजी माझ्याकडे बघून म्हणाला.

ग्रीस मी स्वतः भरलं होतं. नोकरीच जाणार म्हटल्यावर भीड कसली? स्टोअरमधून थर्मामीटर आणला, नवं बेअरिंग शेगडीवर ठेवलं आणि साहेबांसमोर म्हणालो, "दाजी, थुंका."

चुरचुरली तेव्हा एकशे दहा. नाचली तेव्हा दोनशे तीस.

साहेबांचा चेहरा उतरला. "एकशे वीसच्या पुढे न्यायचंच नाही हे! पोलाद मऊ पडतं. थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगतोय, म्हणून नाचतोय."

"थर्मामीटर खोटा आहे," दाजी म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं! साहेबांनी दुसरा थर्मामीटर मागवला. त्यानंही तेच सांगितलं.

"म्हणजे तुमचा जावई..." साहेब एवढंच बोलले आणि निघून गेले.

माझी नोकरी वाचली. दाजी बाकावर बसून राहिला. मग म्हणाला, "पोरीचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

होता. मामाला ती दर रविवारी फोन करते.

"नंबर नाही देणार," मी म्हणालो. मला त्याची जराही दया आली नाही. "पत्ता देतो. जा, आणि जावयाच्या तोंडावर सांगा चूक कुणाची होती ते."

पत्ता त्यानं अजून मागितलेला नाही.