जोडीच्या माशांची बशी

जुनी चिनी भांडी जमवायचा नाद मला शाळेतल्या नोकरीत असतानाच लागला. त्यातही बौद्धांची शुभचिन्हं असलेली निळी-पांढरी भांडी. एकूण चिन्हं आठ. शंख, कमळ, चक्र, छत्र, ध्वज, कलश आणि न संपणारी गाठ ही सात माझ्या सावंतवाडीच्या घरी वेगवेगळ्या वाडग्यांवर होती. राहिली होती माशांची जोडी.

शिरोड्याच्या एका ख्रिस्ती मावशींकडे तशी बशी आहे असं कळलं, म्हणून गेले. त्यांचे सासरे बोटीवर कामाला होते, त्यांनी ती आणलेली. मावशींनी बशीवरच्या करंजीसारख्या नेवऱ्या दुसऱ्या ताटलीत काढल्या, बशी पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. निळ्या रिबिनीत गुंफलेले दोन मासे होते. काठाला बारीकसा टवका.

"तुमी घेवन जावा," त्या म्हणाल्या. "माज्या मागे कोण बगतलो ह्येका? झील तिकडे गल्फात आसा."

त्यांचा मुलगा तिकडे नोकरीला होता. मी आनंदाने बशी साडीच्या तुकड्यात गुंडाळू लागले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाईनू, ह्ये मासे बांधून कित्याक घातल्यानी?"

"बांधलेले नाहीत, मावशी. शुभ म्हणून रिबीन काढतात. दोघं पाण्यात मोकळे, आणि एकमेकांसोबत. नवराबायकोनं असं सुखात राहावं, असा त्याचा एक अर्थ सांगतात."

त्यांनी माशांभोवतीच्या रिबिनीवरून बोट फिरवलं.

"माका वाटला, जाळ्यात गावलेत," मग हळूच म्हणाल्या. "लगीन झाला तेवा आमी दोगां ह्येच्यातच जेवलंव. त्येंका ह्या कळाक होया होता."

त्यांचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. बशी परत द्या, असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणाल्याही नसत्या. मीच कापड सोडलं आणि बशी फळीवर ठेवली. जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू.

"आणि तुमका?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे सात आहेत, मावशी."

दिवाळीनंतर एका दुपारी त्या एसटीने माझ्याकडे आल्या. हातात पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली बशी. "तुमच्या सातांका भेटवूक हाडलंय," म्हणाल्या. आम्ही आठही भांडी टेबलावर मांडली. त्यांनी एकेका चिन्हाचा अर्थ विचारून घेतला. कमळाचा वाडगा त्यांना फार आवडला. त्यात सोलकढी शोभेल म्हणाल्या. मग त्याच वाडग्यात मी त्यांना सोलकढी दिली. इतकी वर्षं त्या वाडग्यांत मी कधी काही वाढलं नव्हतं.

पाचच्या गाडीने त्या बशी घेऊन परत गेल्या.