किल्ल्यावरचा सत्कार

सोनाळ्याच्या शेतकरी घरातले उत्तमराव मेहकरच्या एका शिक्षण संस्थेत कारकून म्हणून लागले आणि चिटणीस झाले. त्या तीस वर्षांत संस्थेच्या शाळेत किती मुले नीट वाचायला शिकली, हे त्यांना सांगता आले नसते. पण कोणत्या कार्यक्रमात कोणाच्या खांद्यावर कोणत्या रंगाची शाल पडली, हे ते न अडखळता सांगत. मिळालेली शाल घडी न मोडता पुढच्या मानकऱ्याच्या खांद्यावर जाई. काही शाली गावभर फिरून पुन्हा त्यांच्याच कपाटात आल्या होत्या, आणि त्यात लाजण्यासारखे काही आहे, असे गावात कोणालाच वाटत नव्हते.

संस्थेचे अध्यक्ष वारले होते. नवा अध्यक्ष रविवारच्या बैठकीत ठरायचा होता. नावे दोनच: उत्तमराव आणि तुळशीराम गुरुजी. गुरुजींविरुद्ध बोलण्यासारखे एवढेच होते की नोकरीत असताना ते खरोखर शिकवत. संस्थेच्या राजकारणात हा दोष लहान नव्हता. तरीही उत्तमरावांना धास्ती होती. जर्मनीत नोकरी करणाऱ्या शेखरकडे, आपल्या मुलाकडे, जायचे आधीच ठरलेले होते. निघताना त्यांनी बॅगेत एक शाल आणि एक नारळ ठेवला. तिकडे कोणी बडा माणूस गाठायचा, त्याचा सत्कार करायचा आणि फोटो रविवारच्या आत मेहकरला पोहोचवायचा, असा बेत होता.

शुक्रवारी शेखर सगळ्यांना टेकडीवरचा जुना किल्ला दाखवायला घेऊन गेला. चढ खडा होता. बॅग गीताबाईंच्या खांद्याला होती.

"मान तुमचा अन् वजन माह्यावाल्या खांद्याले," गुडघा चोळत त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"हळू चाल. नारळ फुटला नाही पायजे."

शेखर आणि सून डिंपल तिकिटांच्या रांगेत उभे राहिले. दरवाजाशी मखमली झगा घातलेला, कमरेला चाव्यांचा जुडगा लावलेला एक उंच म्हातारा उभा होता आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढून घेत होते. माणसाचे मोठेपण ओळखण्याची उत्तमरावांची कसोटी आयुष्यभर हीच होती. त्यांनी बॅग उघडली.

"हा कोन हाय?" गीताबाईंनी विचारले.

"किल्ल्याचा धनी. झगा दिसून नाही राह्यला काय?"

"धनी दारात उभा राह्यते? आपला सरपंच बी नाही राहात."

"तू फोटो काढ."

म्हाताऱ्याला ही पाहुण्यांची काही गंमत वाटली असावी. त्याने हसत मान वाकवली, शाल अंगावर घेऊ दिली, नारळ हातात धरला. फोटो निघाला. तेवढ्यात शेखर धावत आला.

"बाबा, तो इथला नोकर आहे. असा पोशाख घालून दारात उभं राहाचा पगार मिळते त्याले."

म्हाताऱ्याने शेखरला काही विचारले. ही गंमत नसून भेट आहे हे उमगताच त्याचे हसू मावळले. त्याने शाल काढली, काठाला काठ जुळवून घडी केली आणि नारळासह दोन्ही हातांनी परत दिली.

"काऊन परत करून राह्यला?" उत्तमरावांनी शेखरला विचारले.

"कामावर असताना भेट घेता येत नाही म्हणते. अन् विचारून राह्यला, मी असं काय केलं?"

संस्थेच्या व्यासपीठावर तीस वर्षांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. तो ऐकून उत्तमरावांना आदर वाटला नाही, संकोचही वाटला नाही. वाटली ती कीव. एवढेही न कळणाऱ्या माणसाला मेहकरात कोणी शिपाई म्हणूनही ठेवले नसते.

"तो फोटो पाठवू नका," गीताबाई म्हणाल्या. "आता तुमाले मालूम झालं."

"मले झालं. मेहकरले कुठं झालं?" त्यांनी फोन शेखरपुढे धरला. "लिही, किल्ल्याच्या अधिपतींचा सत्कार करताना."

"बाबा, हे खोटं आहे."

"लिहून टाका ना," डिंपल नवऱ्याला हळूच म्हणाली. "नाहीतर दिवसभर तोंड फुगवून बसतील."

शेखरने लिहिले. शिकलेला होता, शुद्धलेखनाची एकही चूक केली नाही.

गीताबाई बाकावर बसून राहिल्या. बाकीचे बुरुजावर चढले. खाली नदी, द्राक्षमळे, जुनी गावठाणे पसरली होती. उत्तमरावांची नजर फोनवर होती. संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. फक्त तुळशीराम गुरुजींनी एक ओळ लिहिली: या गृहस्थांचे नाव काय, आणि त्यांचे कार्य काय?

नाव उत्तमरावांनाही ठाऊक नव्हते. विचारायचे त्यांना सुचलेच नव्हते. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर घाम आला. उत्तर काय द्यावे याची ते जुळवाजुळव करू लागले. पण ते द्यावे लागलेच नाही. गुरुजींना पोटशूळ उठला आहे, असे एका सदस्याने लिहिले. आनंदाच्या प्रसंगी असे कोणी विचारते काय, असे दुसऱ्याने लिहिले. पाऊण तासाने कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सदस्याचा फोन आला.

"रविवारची काळजी सोडा, साहेब. असे सवाल करनारा मानूस अध्यक्ष झाला तं संस्था चालन काय? सगळ्यायचं एकमत हाय."

उत्तमरावांनी घाम पुसला आणि शेखरला विचारले, "इथं अजून काही पाहाचं राह्यलं काय?"