राखणदाराच्या दगडावरच्या रेघा

उभ्या गोव्यात मी विंचवाला, वकिलाला किंवा दात काढणाऱ्या डॉक्टरला भ्यालो नसेन इतका माझ्या साडूला भ्यालो आहे. माणूस वाईट असता तर त्याच्याशी बोलणं टाकून मोकळा झालो असतो, पण तो चांगला आहे आणि तिथेच सगळी गोची आहे. मूळचा सावंतवाडीकडचा. तरुणपणी सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला, पुढे स्वतःचा ट्रक घेतला, आणि खाण बंद पडल्यावर वाड्याने त्याला पंच म्हणून निवडून दिलं. निवडून आल्यावर माणसं शिकणं सोडतात, ह्याने सुरू केलं. आज प्रथमोपचार, उद्या कॉम्प्युटर, परवा डिचोलीला जमीन मोजण्याचा वर्ग. आणि जे शिकेल त्याची पहिली परीक्षा माझ्यावर, म्हणजे कारापूरला किराणा दुकान चालवणाऱ्या एका निरुपद्रवी माणसावर.

प्रथमोपचार शिकून आला त्या दिवशी मी त्याच्याकडे सहज चहाला गेलो होतो. त्याने माझा धडधाकट पाय मोडला आहे असं गृहीत धरलं, दोन्ही बाजूंना काजूच्या लाकडाच्या फळ्या लावल्या, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्ट्या आवळल्या आणि हलू नका म्हणून दम दिला. तेवढ्यात पंचायतीतून बोलावणं आलं आणि तो निघून गेला. मी दीड तास जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, पाय ताठ करून टेकून बसलो. दारात आलेल्या पोदेराने पाव देता देता कुठे अपघात झाला म्हणून कळवळून विचारलं, तेव्हा खरं सांगायचीही लाज वाटली. साठी उलटल्यावर तो पोहायला शिकला, देवळाच्या तळीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. त्यात बुडणारा माणूस मी. मला पोहता येत नाही हे सांगितल्यावर त्याला फार आनंद झाला, कारण सोंग करावं लागणार नव्हतं. ह्या वयात हा जीवघेणा हट्ट कशाला, असं मी नाकातलं पाणी शिंकरत विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "लोकांका पळा म्हणान सांगणारो शेवटाक पळता, भाऊ. त्याका पोहूक येवक होया."

ह्या उत्तराने मला पाण्यापेक्षा जास्त थंडी भरली. त्याच्या वाड्याच्या डोक्यावर बंद खाणीचा खड्डा आहे. पंप थांबले तसा तो पाण्याने भरला, आणि ते पाणी अडवून धरलंय खाणीच्याच मातीच्या बांधाने. खाली नऊ घरं, त्यातलं एक त्याचं आणि माझ्या मेव्हणीचं. बांध कधी दगा देईल हे आधी कळलं पाहिजे, ह्या एकाच भीतीपोटी माझा साडू सगळं शिकत होता. पाणी मोजायला त्याने राखणदाराचा, वाडा राखणाऱ्या देवाचा, दगड निवडला होता. हा दगड पूर्वी डोंगरावर होता. खाण तिथवर आली तेव्हा गाऱ्हाणं घालून, नारळ देऊन त्याला बांधाच्या आतल्या उतारावर आणून बसवलं. वाड्यात कुणालाही विचारा, सगळं हलेल पण राखणदार हलणार नाही. साडूने त्यावर चुन्याच्या रेघा ओढल्या आणि रोज सकाळी जाऊन वहीत आकडा लिहू लागला.

गेल्या आषाढात सात दिवस पाणी रोज दोन बोटं चढत गेलं. आठव्या दिवशी सकाळी त्याने नऊही घरं उठवली आणि देवळाच्या मंडपात नेली. मीही मेव्हणीचं शिवणयंत्र डोक्यावर घेऊन लटपटत गेलो. दुपारी कुणीतरी खड्ड्याच्या पलीकडे जाऊन आला. तिथे पंपाची खोली कातळावर बांधलेली आहे. तिच्या पायरीशी पाणी गेल्या आठवड्यात होतं तिथेच होतं. मग काय, लोक हसत हसत बोचकी उचलून घरी गेले. पंचांनी आता रेघा वाचायचा वर्ग लावावा, असंही एकाने सुनावलं. मला साडूची दया आली आणि, खोटं कशाला बोलू, थोडं हसूही आलं. तो मात्र वही मांडीवर घेऊन बसला होता. पाणी एकच, मग इकडे चढतं आणि तिकडे चढत नाही हे कसं, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. मी म्हटलं, आधी दोन घास खा. तो न जेवता डिचोलीला गेला आणि मोजणी शिकवणाऱ्या इंजिनियर मुलीला घेऊन आला. मुलगी त्याच्या नातीच्या वयाची. तिने पलीकडच्या कातळावर यंत्र लावलं, वहीतले आकडे मागितले, पुन्हा पाहिलं.

"काका, पाणी तेवढंच आहे," ती म्हणाली. "दगड खाली चाललाय."

दगड खाली म्हणजे त्याच्याखालचा बांध खचत होता. साडूचा चेहरा पांढराफटक पडला. बांधाची भीती होतीच, त्याहून मोठी ही की दुपारी हसत घरी गेलेली माणसं पुन्हा उठतील का. तो दारोदार गेला, मी मागे. प्रत्येक दारात तेच बोलला, "सकाळी मी चुकलंय. पाणी चढूक नाय, दगड खाली गेलो. म्हणजे बांध बसता. चला." तिसऱ्या घराने आतून कडी घातली. तेवढ्यात शेजारची म्हातारी कोंबड्यांची टोपली घेऊन बाहेर आली. "राखणदार खाली उतरून सांगता," ती म्हणाली, "आणि तुमी दारां लावन बसलात?" कडी निघाली. संध्याकाळच्या आत नऊ घरं रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बांध सुटला. मंडपातून आम्हाला फक्त आवाज ऐकू आला, डोंगराने खाकरल्यासारखा, आणि मग तांबडं पाणी दिसलं. दोन घरांच्या भिंती गेल्या, गोठे गेले, माणूस एकही गेला नाही. बायका रडत होत्या, आदल्या दुपारी वर्गावरून टोमणा मारणारा तो गृहस्थ साडूच्या पाया पडायला आला, आणि हा कुठे दिसेना. मंडपामागे पायरीवर एकटा बसलेला सापडला. मी शेजारी टेकलो आणि म्हटलं, अरे, वाचवलंस सगळ्यांना.

"सात दिवस तो दगड खाली जाय होतो," तो म्हणाला, "आणि मी पावसाक गाळी घालीत बसलंय. त्या सात दिवसांत बांध गेलो असतो तर?"

इतकी वर्षं मी ह्या माणसाला घाबरलो, तो स्वतः केवढा घाबरलेला असतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. मी त्याचा हात हातात घेतला. मेव्हणी चहा घेऊन आली तेव्हा त्याने हात सोडवून कप घ्यायला पुढे केला, पण कप त्याला धरवेना. मग मीच तो त्याच्या तोंडाशी धरला, आणि तो लहान मुलासारखा घोट घोट प्यायला.