मुंग्यांबद्दल विचारणाऱ्या नर्सबाई

माझ्या नातीचं दुखणं कळलं त्या दिवशी आमच्या दारात सगळ्यात आधी आल्या त्या नर्सबाईच. शेजारची सुलभा सांगते ती आधी आली म्हणून. तिचं ऐकू नका. बाईंची स्कूटर कोणाकडे थांबली ते बघायला ती आली, आणि मग बसलीच.

शाळेच्या नर्स नलिनीबाई आणि मी, आमची ओळख झाली ती अशी. बाईंना आता साठ वर्षं पुरी होतायत, त्यांच्यावर शाळेचं पुस्तक निघतंय. मी चौथी शिकलेली. पण माझी नात मानसी आज डोळ्यांसमोर हिंडते ती कोणामुळे, हे दुसरं कोण लिहिणार?

तेव्हा मानसी पाचवीत होती. सारखी पाणी मागायची आणि वाळत चाललेली. मला वाटलं, उष्णता. दिवेआगरात आमची वाडी, नारळाला काय तोटा! रोज दोन शहाळी पाजायची, वर कोकमाचं सरबत, साखर सढळ हाताने. पोर तासातासाला वर्गाबाहेर जाते हे बाईंनी हेरलं आणि शाळा सुटल्यावर थेट घरी आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, पोर लघवीला बसते तिथं मुंग्या लागतात का?"

मी हसले. "वाडीत मुंग्या न्हाय तर काय हत्ती लागणार?"

बाई हसल्या नाहीत. मग माझंही हसू गेलं. मुंग्या खरंच लागत होत्या, आणि मी रोज पाणी ओतून त्यांना घालवत होते.

बाईंनी पिशवीतून रक्तातली साखर मोजायचं यंत्र काढलं, पोरीच्या बोटाचा थेंब घेतला, आकडा बघितला. "आजी, ते शहाळं खाली ठेवा. मानसी, चप्पल घाल." सुलभाच्या नवऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर पोर हाती लागली नसती. एवढ्या लहान पोरीला मधुमेह होतो, हे आम्हाला कुठे ठाऊक!

मग रोजच्या सुया. मी सुई उचलून पुन्हा खाली ठेवायचे. बाईंनी नव्या सुईने आधी स्वतःच्या पोटाला टोचून दाखवलं.

औषध थंड ठेवावं लागतं. मोठ्या वादळात वीज गेली आणि फ्रिजचं नुसतं कपाट झालं. बाई पडलेल्या पोफळी ओलांडत चालत आल्या, हातात दोन मडकी. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डबीत औषध. "वाळू सुकू द्यायची न्हाय हां, आजी." त्यांच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडालेले, हे मला नंतर सुलभाकडून कळलं. माणूस असं असतं का हो?

आता मानसी बारावीला आहे. तिला नर्स व्हायचंय. माझा मुलगा रमेश, तिचा बाप, हटून बसलेला. म्हणे, "जी स्वतःच सुयांवर हाय ती दुसऱ्याला काय बघणार?"

परवा रविवारी बाई आल्या, सोबत मुख्याध्यापिका, पुस्तकाच्या कामाने. मानसीने बाईंना विचारलंच, तुमच्यासारखं व्हायला काय करायचं?

"बारावी पास हो. मग नर्सिंगची तीन वर्षं. तिथं आजाऱ्याचं अंग पुसायचं, लघवीचं भांडं उचलायचं, नाक मुरडायचं नाही. मग नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदवायचं, त्याशिवाय कोणाला सुई लावायची नाही."

"आणि शाळेत?"

"शाळेत पोर म्हणतं, पोट दुखतंय. पोट दुखतंय की गणिताचा पेपर आहे, ते ओळखायचं. आणि दोन्ही दुखणी खरी मानायची."

मग बाई रमेशकडे वळल्या. "इतकी वर्षं लेक रोज चारदा सुई घेते. एकदा तरी चुकली का?"

रमेश चपला शोधायला लागला. सुलभा दारातून म्हणाली, "बोल की रे! एरवी तर तोंडाचा पट्टा थांबत न्हाय."

रमेश वाडीत निघून गेला. पण काल मानसीला गाडीवर बसवून फोटो काढायला घेऊन गेला. नर्सिंगच्या फॉर्मला दोन लागतात, ह्याने आठ काढले.

बाई, तुमचे गुडघे कधी कुरकुरू नयेत, स्कूटर चालत राहो, आणि मानसीच्या हातची पहिली सुई बघायला तुम्ही ठणठणीत असा. माझ्या वाट्याचं आयुष्यही देवीने तुम्हालाच घालावं.

फॉर्म भरायला बाई गुरुवारी येते म्हणाल्यात. शहाळी उतरवून ठेवलीत. मानसीला त्यातलं पाणी किती द्यायचं, ते त्याच सांगतील.